केसभर अंतर

आमच्या मामांचा आणि 'फट' या शब्दाचा फार जुना स्नेह आहे. इतर माणसांना फट दिसली की ती बुजवावीशी वाटते. दाराच्या फटीतून वारा येतो, भिंतीच्या फटीतून मुंग्या येतात आणि नात्यातल्या फटीतून शेजारी येतात, असा आपला अनुभव. मामांचे तसे नाही. फट दिसली की ते आधी विचारतात, "किती?" आणि नुसते विचारून थांबत नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी एक फिलर गेज असते. जपानी पंख्यासारखी उघडणारी ती पातळ पोलादी पाने असतात. प्रत्येकाची जाडी त्यावर कोरलेली. योग्य ते पान फटीत सरकवायचे, हाताला किंचित ओढ लागली की झाले मोजमाप. एका दिवाळीत त्यांनी मामींच्या अनारशांच्या डब्याचे झाकणसुद्धा मोजले होते आणि "हवा जातीय, अनारसे सादळणार" असा निकाल दिला होता. अनारसे सादळले. पण ते मोजल्यामुळे सादळले, असे मामी आजही म्हणतात.

मामा लातूरचे, आम्ही नांदेडचे. मधे लोहा, अहमदपूर करीत जाणारी एस.टी. आणि सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. मामांनी तरुणपणी परळीच्या वीजकेंद्रात काही वर्षे हेल्पर म्हणून काढली. परळीला १९७१ साली ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, त्या सुरुवातीच्या काळातले ते. पुढे लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते टर्बाइनवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिक्षण म्हणाल तर जुनी मॅट्रिक, तीही गणितात जेमतेम. मी मात्र रीतसर इंजिनिअर झालो, पुढे तीस वर्षे मुलांना टर्बाइन शिकवले. तरीही टर्बाइन म्हणजे काय ते मला पुस्तकाने सांगितले नाही. ते मामांनी सांगितले, १९८५ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री.

ती रात्र सांगण्यापूर्वी टर्बाइनची थोडी ओळख करून द्यायला हवी. वाचकांनी घाबरू नये. घरातल्या मुलाच्या हातात कागदाचे भिरभिरे असते, तेच हे. भिरभिऱ्याला वारा फिरवतो, इथे बॉयलरची तापलेली वाफ फिरवते. १८८४ साली पार्सन्स नावाच्या इंजिनिअराने आपले पहिले वाफेचे टर्बाइन चालवले, ते मिनिटाला १८,००० फेरे घेत होते. पार्सन्सची युक्ती अशी की, वाफेचा सगळा जोर एकाच चाकावर न खर्चता तो एकामागून एक अशा अनेक चाकांवर थोडाथोडा खर्चायचा. पणजीने आणलेला पैसा तिने एकाच मुलीच्या लग्नात न उडवता पाची मुलींना वाटून द्यावा, तसे. चाकाच्या परिघावर पाती बसवलेली असतात आणि त्यांच्याभोवती लोखंडाचे जाड कवच असते. पाती फिरतात, कवच स्थिर असते. तेव्हा पात्याचे टोक आणि कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. नाही तर टोक घासेल.

पण ही फट फार खर्चिक असते. पात्याची एक बाजू खोलगट, दुसरी फुगीर. खोलगट बाजूला दाब जास्त, फुगीर बाजूला कमी. वाफ झाली तरी तिला माणसासारखीच जवळची वाट आवडते. पात्याला ढकलण्याचे कष्ट घेण्यापेक्षा ती टोकावरून, फटीतून, पलीकडे सटकते. आमच्याकडे पाटाच्या बांधाला उंदराने भोक पाडले की पाणी असेच जाते. विहिरीतून ते उपसले जाते, त्याचा खर्च होतो, पण उसाला काही ते मिळत नाही. बरे, सटकलेली वाफ गुपचूप निघून जाईल तर तेही नाही. पलीकडच्या बाजूला ती भोवऱ्यासारखी गुंडाळत जाते आणि सरळ चाललेल्या वाफेच्या वाटेत गोंधळ घालते. स्वतः काम करीत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. अशी माणसे प्रत्येक कचेरीत असतात. टर्बाइनच्या एखाद्या टप्प्यात जो एकंदर तोटा होतो, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग या टोकावरच्या गळतीपायी जाऊ शकतो, असे तज्ज्ञ सांगतात. जुन्या वाफेच्या टर्बाइनांमध्ये त्यासाठी पात्यांच्या टोकांवरून एक पट्टी बसवतात आणि जिथे जिथे वाफ निसटण्याचा संभव, तिथे पातळ धारेच्या कड्या एकापुढे एक मांडतात. वाफेला प्रत्येक कडीपाशी अडखळावे लागते.

आता ती रात्र.

मी तेव्हा नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. महाविद्यालय १९८१ साली निघालेले, सगळे नवे, भिंतींना अजून चुन्याचा वास. लातूरही १९८२ साली वेगळा जिल्हा झालेले, तेही नवे. दिवाळीच्या सुटीत मामांच्या कारखान्यावर काम पाहायला जातो असे मी घरी सांगितले. आई काही बोलली नाही. वडील म्हणाले, "जा. तुझा मामा आहे, आमचा कोण?"

या वाक्यामागे चार वर्षांची कथा होती. आजोबा वारले आणि मांजरेच्या काठची जमीन वाटायची वेळ आली. मामांनी हक्कसोडपत्राचा कागद नांदेडला पाठवला. स्वतः आले नाहीत, तलाठ्याच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. बहिणीने भावाला हक्क सोडून द्यावा, ही आपल्याकडची रीतच, असे त्यांना वाटले असणार. आईला जमिनीची हाव नव्हती. तिला लागले ते हे, की कागद परक्या माणसाच्या हाती आला. तिने सही केली नाही. वडिलांनी चार शब्द जास्त सुनावले, ते त्या माणसाने लातूरला पोचवताना आठ केले. त्यानंतर चार भाऊबीजा गेल्या आणि मामा आले नाहीत.

कारखान्यात दिवाळी म्हणजे धांदलीचे दिवस. दसऱ्याला बॉयलरचे अग्निप्रदीपन झालेले. पाडव्याला गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू व्हायचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टर्बाइनला वाफ देऊन चाचणी घेत होते. आमच्या इथले टर्बाइन लहान, पण मोठे शहाणे. वीज तयार करून झाल्यावर त्यातून बाहेर पडणारी वाफ वाया जात नसे. तिच्यावर उसाचा रस आटवायचा. परळीसारख्या मोठ्या केंद्रात ती वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यासाठी आणखी पाणी लागते. साखर कारखान्यात ते काम रसाची कढई करते.

रात्री आठच्या सुमाराला बॉयलरकडे काही बिघडले. वाफ बंद झाली, टर्बाइन थांबले, दिवे गेले. बाहेरची लाइनही त्याच वेळी गेलेली. सगळी माणसे पूजेला घरी निघाली. एक साहेब बॅटरी घेऊन आले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "आता उद्याच बघू. तुम्ही पण घरी जा." मामा "हो साहेब" म्हणाले आणि साहेबांची जीप फाटकाबाहेर गेल्यावर मला म्हणाले, "तो दांडा आण."

दांडा म्हणजे पहारीएवढा लोखंडी दांडा. टर्बाइनच्या शाफ्टवर दात्यांचे एक चाक होते, त्यात तो अडकवून रेटला की रोटर हळूच फिरे. मामांनी हातपंपाने बेअरिंगांना तेल चढवले, दांडा रेटला, अर्धा फेरा दिला, खडूने खूण केली आणि घड्याळ पाहिले. कंदील तेलापासून लांब, खिडकीत ठेवलेला होता. "दहा मिनिटांनी पुन्हा," ते म्हणाले.

मी पुस्तकी प्रश्न केला, "कामून, मामा? थांबलंय की ते."

"थांबलंय, पण निवलं नाही," मामा म्हणाले. "गरम लोखंडाला एकटं टाकून जायचं नसतंय, पोरा. वाकतंय ते."

मग त्यांनी समजावले. टर्बाइन थांबले की आत उरलेली उष्णता वर चढते, जशी आपल्या स्वयंपाकघरात माळ्यावर साचते. रोटर जागच्या जागी पडून राहिला तर त्याची वरची बाजू गरम राहते आणि खालची आधी निवते. गरम बाजू लांबते, गार बाजू आखडते आणि सरळ शाफ्ट धनुष्यासारखा वर कमानतो. डोळ्याला दिसणारही नाही इतका. पण टोकापाशी फट आहेच मुळी केसाएवढी! तशा वाकलेल्या रोटरला कोणी वाफ दिली की तो थरथरतो, धारेच्या कड्या घासून जातात, पट्टी घासते. आणि एकदा कडी झिजली की ती फट कायमची वाढली. मग पुढची सगळी वर्षे वाफ तिथून गळत राहणार. म्हणून निवेपर्यंत त्याला फिरवत राहायचे. वरची बाजू खाली, खालची वर. कोणतीच बाजू एकटी तापू द्यायची नाही आणि एकटी निवू द्यायची नाही.

"परळीला हे काम मोटर करतीय," मामा म्हणाले. "इथं मी करतो."

आदल्या हंगामात नेमके हेच झाले होते. टर्बाइन दोन तास नुसते पडून होते आणि वरून घाई झाली म्हणून तसेच सुरू केले. कड्या घासल्या. कारखान्याचे दिवस बुडाले आणि मेमो मामांना मिळाला. "त्या दिवशी माझी पाळीसुद्धा नव्हती," असे ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. एखाद्याने आपल्या जुन्या आजाराचे नाव सांगावे तसे.

आम्ही आलटून पालटून दांडा रेटत होतो. बाहेर लांबवर वसाहतीत फटाके वाजत होते. मामींनी पूजा उरकून फराळाचा डबा पाठवला, तो आम्ही तेलकट हातांनी खाल्ला. दहा मिनिटे तशी थोडी, पण दोन माणसे काही न बोलता बसली की फार मोठी होतात. अकराच्या सुमाराला मामांनी दांड्याकडे पाहतच विचारले, "अक्का कशी हाय?"

चार वर्षांनी त्यांनी हे विचारले होते. काय सांगावे ते मला सुचेना. "बरी आहे" म्हणालो. मग न राहवून सांगितले, "मामा, भाऊबीजेला आई ताट करते. दरवर्षी. निरांजन, सुपारी, सगळं."

"अन् कोणाला ओवाळती?"

"चंद्राला."

आपल्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. चंद्र सगळ्यांचा भाऊ. मामांना हे मी सांगायची गरज नव्हती. ते काही बोलले नाहीत. घड्याळात अजून चार मिनिटे होती, तरी ते उठले आणि त्यांनी अर्धा फेरा दिला. मी खडूची खूण केली.

पहाटे पाचला मामांनी कवचावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "निजलं." आम्ही पन्नासाहून अधिक वेळा तो रोटर फिरवला होता. पाडव्याला मोळी पडली, वाफ दिली, टर्बाइन एखाद्या सालस मुलासारखे सुरू झाले. साहेबांनी पेढा खाल्ला. रात्रीचे कोणाला ठाऊकच नव्हते, तेव्हा कौतुक करण्याचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला निघालो तर मामा स्टँडवर उभे. धुतलेला सदरा, खिशात फिलर गेज. "चल," एवढेच म्हणाले. अहमदपूरला चहा प्यायला उतरलो तेव्हा त्यांनी दोनदा पाणी मागितले. घरी पोचलो तेव्हा आई अंगणात होती. तिने भावाकडे पाहिले. मला वाटले, आता काय बोलेल? ती म्हणाली, "हात कशानं सोलले रे?"

मामांच्या तळव्यांना फोड आले होते. तिने आधी हळद-तेल लावले, ओवाळणे नंतर झाले. वडील मागच्या खोलीत होते, ते पाटावर जेवायला मात्र मामांच्या शेजारी येऊन बसले.

आता दिवाळी अंकातली गोष्ट म्हणजे इथे आईने कागदावर सही करायला हवी, किंवा मामांनी अर्धी जमीन तिच्या नावे करायला हवी. तसे काही झाले नाही. आईने सही केली नाही. मामांनी पुन्हा मागितली नाही. जमीन सातबाऱ्यावर दोघांच्या नावे राहिली, कसत मामा होते आणि दरवर्षी तुरीची डाळ नांदेडला येत होती. त्या विषयावर दोघे भावंडे पुढे कधी बोलली असली तरी ती माझ्यासमोर नाही. थोडे अंतर राहिले. ते मिटवण्याचा हट्ट कोणी धरला नाही. मला पुढे मुलांना शिकवताना नेहमी वाटे की शून्य फट असलेले टर्बाइन कागदावरच काढता येते. तापल्यावर प्रत्येक लोखंड थोडे वाढते, त्याला तेवढी जागा ठेवावीच लागते. प्रश्न एवढाच की किती.

पुढे बरीच वर्षे गेली. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, माणसे होती, पाती धड होती, पण वाफ थंड करायला पाणी नव्हते. मामा तेव्हा निवृत्त होऊन लातूरला राहत होते. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "फिरवत असतील ना रे रोटर?" मी म्हणालो, "ते केव्हाच निवलं असेल, मामा." "तरीबी," ते म्हणाले. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिला दहा टाक्या होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात आई भावाला फोनवर रोज विचारी, "नळाला आलं का?" आणि इकडे यायचा आग्रह करी. मामा गेले नाहीत. "सगळेच निघालो तर गाव कोण धरायचं?" म्हणाले. पण फोनची वेळ त्यांनी चुकवली नाही.

आई जाऊन आता सहा वर्षे झाली. भाऊबीजेला आता आम्हीच लातूरला जातो. गेल्या दिवाळीत मामांची नात बंगळुरूहून आली होती. तीही इंजिनिअर आणि नशीब असे की तिचे काम पात्यांच्या टोकांचेच. पण विमानाच्या इंजिनातल्या. मामी चकल्या तळत होत्या आणि नात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आजोबांना संगणकावर एक चित्र दाखवत होती. पात्याच्या टोकाचे रंगीत चित्र. कुठे निळे, कुठे पिवळे आणि कडेला भडक लाल.

"आबा, तुमच्या वाफेत पातं नुसतं गरम व्हायचं," ती म्हणाली. "इथं ते वितळायची भीती असते."

खरेच आहे ते. विमानाच्या इंजिनात पात्यांवर वाफ नव्हे, तर जळते वायू येतात. आधुनिक इंजिनांत त्यांचे तापमान १५०० अंशांच्या वर जाते आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो त्याआधीच वितळू लागतो. पाती टिकतात, कारण ती आतून पोकळ असतात आणि त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवलेली असते. वर मातीच्या भांड्यासारख्या पदार्थाचा पातळ लेपही असतो. पाती ओतणे ही तर वेगळीच विद्या. संपूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकाचे करतात, म्हणजे कुठे सांधा नाही की तडा जायला जागा नाही. २०२१ साली हैदराबादच्या संरक्षण धातू संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी पाती तयार करून दिली, तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातला माणूस म्हणून मामांना फार बरे वाटले होते.

पण टोकाचे दुखणे तिथेही सुटलेले नाही. नात सांगत होती, तापलेला वायू जोरात येऊन फटीत वळतो, तेव्हा एस.टी.तले प्रवासी वळणावर कलंडतात तसा तो टोकाच्या कडेपासून सुटून जरा वर जातो आणि पुढे पुन्हा पृष्ठभागावर येऊन आदळतो. जिथे आदळतो तिथे सर्वांत जास्त भाजते. कडांना तर दोन्हीकडून उष्णता लागते आणि आतली थंड हवा तिथवर नीट पोचत नाही. कड झिजून गोल झाली की वायूला वळणे सोपे जाते, मग तो आणखी जास्त गळतो, आणि जास्त गळला की आणखी भाजतो.

"सुटलेलं टोक आधी करपतंयच," मामी झाऱ्याने चकली उलटवीत म्हणाल्या. "म्हणून मी चकलीचं टोक दाबून चिकटवते."

नात आजीकडे पाहतच राहिली. मग हसून म्हणाली, "आजी, आम्ही ते दाबू शकत नाही ना, म्हणून परात करतो." टोक पोळपाटासारखे सपाट ठेवण्याऐवजी त्याला परातीसारखी उभी कड ठेवायची आणि मधे खोलगा करायचा, अशी ती युक्ती. वायू पहिली कड ओलांडून खोलग्यात पडतो, तिथेच घुटमळतो, दुसऱ्या कडेशी पुन्हा अडतो. गळती कमी होते. आणि चुकून कवचाला लागलेच तर पातळ कड घासते, सगळे पाते जात नाही.

"अन् फट किती?" मामांनी अपेक्षित प्रश्न विचारला.

तिने सांगितले की मोठ्या इंजिनात पाव मिलिमीटर फट कमी करता आली, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीएवढी, तर सुमारे एक टक्का इंधन वाचते. पण ती कमी करणे सोपे नाही, कारण इंजिनातले सगळे भाग एकाच वेळी तापत नाहीत. लग्नाला निघालेल्या घरासारखे असते ते. विमान उडताना वेगाने फिरल्यामुळे चाक लगेच ताणले जाते, पाती क्षणात तापून लांबतात, म्हणजे पोरे आधीच दारात उभी. कवच त्यांच्यामागून फुगते. आणि ज्या जाड चाकावर पाती बसवलेली ते सगळ्यांत उशिरा तापते, आजोबांसारखे. या ओढाताणीत फट घटकेत मिटते, घटकेत वाढते. म्हणून विमान वर स्थिरावल्यावर कवचावर बाहेरून थंड हवा सोडतात. कवच आकसते आणि अंतर हवे तेवढे राहते.

मामांनी हे सगळे लक्षपूर्वक ऐकले. डोळे मिटून घेतले. मला वाटले, डुलकी लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "आणि बंद केल्यावर?"

"म्हणजे?"

"विमान उतरलं, इंजिन बंद केलं. आत गरमच असंल. वाकत नाही का शाफ्ट?"

नातीने आजोबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती म्हणाली, "वाकतो आबा. तेच तर. उतरल्यावर तासाभरात पुन्हा निघायचं असेल तर तो वाकलेलाच असतो. २०१६ च्या सुमाराला एक नवीन इंजिन आलं, त्यात तर हा मोठा प्रश्न झाला होता. सुरू करण्यापूर्वी ते काही मिनिटं नुसतं फिरवत ठेवावं लागायचं, सरळ होईपर्यंत. प्रवासी आत बसून कंटाळायचे."

मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिले नव्हते. "म्हणजे विमानालाबी दांडा लागतोच!" ते म्हणाले आणि इतके हसले की मामींनी पाणी आणून दिले. मग त्यांनी खिशातून फिलर गेज काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि नातीच्या हातावर ठेवले. "संगणकात फट दिसती, पण हाताला लागत नाही. राहू दे तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मामांच्या धाकट्या चुलत बहिणी येऊन ओवाळून गेल्या. संध्याकाळी मी मामांना शोधत मागच्या अंगणात गेलो, तर ते एकटेच उभे होते. मावळतीला द्वितीयेची कोर दिसत होती, अगदी बारीक, घटकाभरात जाणारी. मामांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. त्यांच्या तळव्यांवर त्या रात्रीची खूण आता शोधूनही सापडायची नाही. मला पाहून ते ओशाळले नाहीत. "चाळीस वर्षं झाली की रे," एवढेच म्हणाले.

आतून मामींनी पाने वाढल्याची हाक दिली. मामांनी अंगणाचे दार ओढून घेतले, नेहमीच्या सवयीने चौकटीशी राहिलेली फट बोटाने चाचपली, आणि ती तशीच ठेवून ते आत आले.